देवयानी दर्शन सोहळा

दिवा लावून मिळावा म्हणून आपल्याकडे कोणीही अर्ज करू शकतो. त्यासाठी छापील नमुना असतो, आणि अर्जदार वृद्ध होईपर्यंत तो विचाराधीन राहण्याची सोयही असते. दिवा तासाभरासाठी विझवून मिळावा, असा अर्ज मात्र कातळवाडी ग्रामपंचायतीच्या इतिहासात माझ्यापूर्वी कोणी केला नव्हता. माझे पुढे जे झाले ते पाहता, माझ्यानंतरही कोणी करील असे वाटत नाही.

मी नगरच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवतो, तासिका तत्त्वावर. मध्यंतरी शहराचे नाव अहिल्यानगर झाले, माझ्या नेमणुकीचे स्वरूप मात्र होते तेच राहिले. विवाहाच्या बाजारात तासिका तत्त्वावरच्या माणसाला साधारण भर वैशाखात स्वेटर विकायला बसलेल्या माणसाइतकी मागणी असते. आजवर ज्या ज्या घरी मी पोह्यांच्या बशीसमोर खाली मान घालून बसलो, तिथे मुलीच्या वडिलांनी एकच प्रश्न विचारला, "पर्मनंट कधी होणार?" आणि मुलींनी एकही विचारला नाही.

राजेश्वरीने विचारला. राजूरच्या पलीकडे, डोंगराच्या कुशीत असलेल्या कातळवाडीत तिचे घर. ती राजूरच्या एका लॅबमध्ये दिवसभर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून लोकांच्या रक्तात मलेरियाचे जंतू शोधते. मोठ्या माणसांनी आम्हा दोघांना "जरा बोलून घ्या" असे म्हणून ओट्यावर सोडले आणि स्वतः दाराआड उभे राहून ऐकू लागले. मी आभाळाकडे पाहिले. ती माझ्या बायोडाटाकडे पाहत होती.

"छंद, आकाशनिरीक्षण," तिने वाचले. "म्हणजे नक्की काय बघता?"

"देवयानी दीर्घिका," मी म्हणालो. आयुष्यात एखाद्या मुलीशी बोललेले माझे हे पहिले वाक्य. ते मला आजही सुंदर वाटते. "आपल्या आकाशगंगेसारखीच दुसरी एक. तिच्यातून पंचवीस लाख वर्षांपूर्वी निघालेला उजेड आत्ता आपल्यापर्यंत पोचतो. अंधार चांगला असेल तर नुसत्या डोळ्यांनाही दिसते. पुसट, फुंकर घातल्यासारखी."

"कुठं?"

"भाद्रपदाच्या चौकोनाच्या कोपऱ्यातून निघायचं, दोन तारे पुढं, तिथून वर वळून दोन तारे. त्याच्या शेजारी."

तिने बायोडाटा बाजूला ठेवला. मग म्हणाली, "तुमच्याबद्दल सगळं मला दुसऱ्यांनीच सांगितलंय. पगार, उंची, स्वभाव. एक गोष्ट मला स्वतःच्या डोळ्यांनी बघून ठरवू द्या. ती दाखवा. दिसली तर पुढचं बोलू. पण आधीच सांगते, न दिसलेल्या गोष्टीवर मी सही करत नाही. लॅबमध्येही नाही."

मी होकार दिला. एका धूसर डागावर माझा संसार टांगला गेला, आणि मला त्यात काहीच वावगे वाटले नाही, यावरून माझ्या मनःस्थितीची कल्पना यावी.

परतीच्या प्रवासात आण्णा, म्हणजे माझे वडील, खिडकीबाहेर पाहत बसले. ते निवृत्त तलाठी आहेत. आकाश हा त्यांच्या मते सातबाऱ्यावर न येणारा, म्हणून निरुपयोगी प्रदेश. संगमनेर मागे पडल्यावर ते एवढेच म्हणाले, "दुसरी मुलं साखरपुड्याला अंगठी देतात."

घरी आल्यावर मी शेजारच्या आमोस सरांकडे गेलो. सर निवृत्त विज्ञानशिक्षक. त्यांच्याकडे एक लांबलचक दुर्बीण आहे, जिला ते 'बाईसाहेब' म्हणतात आणि जिच्यावर रेबेकाकाकूंच्या लग्नातली शाल पांघरून ठेवतात. काकूंना थंडीत दुसरी शाल घ्यावी लागते.

"नेतोस तर ने," सर म्हणाले, "पण तीन गोष्टी. चंद्र नको. दिवा नको. आणि डोळ्याला अंधाराची सवय व्हायला अर्धा तास लागतो. त्या अर्ध्या तासात कोणी मोबाईल उघडायचा नाही."

"सर, अर्धा तास?"

"म्हणून तर मी एकटा बघतो, बेटा," सर म्हणाले आणि त्यांनी खिन्नपणे शालीची घडी घातली.

बातमी जिन्यावरून खाली उतरून पुन्हा वर येईपर्यंत आमच्या इमारतीत प्रत्येकाचे मत तयार झाले होते. तळमजल्यावरच्या मालनबाई म्हणाल्या, "आभाळातलंच दाखवायचं तर मुलीला शनी दाखव की. शिंगणापूर इथून हाकेवर आहे, दुर्बीणबिर्बीण काही लागत नाही, आणि येताना प्रसादही मिळतो." एकाने गच्चीच सुचवली. आमच्या गच्चीवरून रात्रीचे आकाश गुलाबी दिसते. चारी बाजूंच्या मंगल कार्यालयांनी ते रंगवलेले असते. त्या आकाशात मी कित्येक वर्षे मोजके चार तारे पाहत आलो आहे आणि त्यांतला एक नंतर मोबाईलचा टॉवर निघाला.

आत्या आक्काबाई कोल्हारला राहते. तिने तिच्या शेताचा प्रस्ताव ठेवला. मी जाऊन पाहिले. प्रवरेच्या काठी रात्र सुरेख उतरली होती. पण कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू झालेला, क्षितिजावर लखलखाट आणि रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर. प्रत्येक ट्रॅक्टरच्या कपाळावर दिव्यांची माळ आणि पोटात असे गाणे, की ज्याने आभाळही बाजूला सरकावे. शिवाय आत्याने शेतात पाऊल ठेवू दिले नाही. उसात बिबट्या आहे, म्हणाली. "तुझी ती देवयानी दिसंल तवा दिसंल, तू मात्र त्याला आधी दिसशील."

तेव्हा जागा कातळवाडीच ठरली. गावामागे डोंगराचा एक उघडा, सपाट कातळ आहे. तिथे उभे राहिले की तीन बाजूंना डोंगर आणि चौथ्या बाजूला काहीच नाही. तालुक्यात असा अंधार दुसरीकडे उरलेला नाही. मी मनाशी दिवसही ठरवला होता : अमावास्या.

तो शब्द मी उच्चारला आणि आत्याने हातातली परात खाली ठेवली.

"अवसेला? लग्नाच्या पोरीला उघड्या कातळावर? आरं, पोरगी दाखवायला निघालास का भूत उतरवायला?"

मी तिला चंद्रप्रकाशाचे शास्त्र समजावून सांगितले. तिने ते पूर्ण ऐकून घेतले आणि पौर्णिमा सुचवली. "लख्ख दिसंल सगळं," ती म्हणाली. या विषयावर आमच्या घरात जी बोलणी झाली त्यांची तुलना मी केवळ पाणीवाटपाशी करू शकतो. शेवटी ज्या दिवशी कोणाचाच विजय झाला नाही तो दिवस निघाला : तुळशीची लग्ने उरकल्यानंतरची संकष्टी. गणपतीचा दिवस, म्हणून आत्या खूश. आणि संकष्टीला चंद्र उशिरा उगवतो. तिन्हीसांजा विझल्यापासून चंद्रोदयापर्यंत जेमतेम तासभर निखळ काळोख मिळतो, म्हणून मी अर्धा खूश. त्या तासात देवयानी पूर्वेच्या आभाळात चांगली वर आलेली असते. एक तास. मला आयुष्याकडून याहून जास्त कधी मिळालेले नाही, त्यामुळे ते पुरेसे वाटले.

उरला एक दिवा. कातळाच्या पायथ्याशी मारुतीचे देऊळ आहे आणि त्याच्या कळसावर ग्रामपंचायतीने बसवलेला एक फोकस, जो मारुतीकडे पाठ करून थेट कातळावर पडतो. का, ते मारुतीलाच ठाऊक. मी म्हणालो, त्या संध्याकाळी कोणाला तरी सांगून तो तेवढा बंद करून घेऊ. निवृत्त तलाठ्याच्या घरात असे बोलायचे नसते.

"लेखी परवानगी घे," आण्णा म्हणाले. "ड्रोनवाल्या चोरांच्या अफवा पसरल्यापासून गावोगाव लोक काठ्या घेऊन गस्त घालतायत. परगावचा मुलगा, अंधारात, नळकांडं घेऊन. लोक आधी मारतील, मग विचारतील. आणि विचारल्यावर तू जे सांगशील, ते ऐकून पुन्हा मारतील."

म्हणून मी अर्ज लिहिला. त्याची भाषा मी दोनदा सुधारली, कारण 'अंधार' हा शब्द सरकारी कागदावर नागडा वाटतो. ग्रामसेवकांनी तो उलटसुलट वाचला.

"दिवा बंद करायचा?"

"तासभर."

"नादुरुस्त आहे म्हणून?"

"नाही, चांगला आहे म्हणून."

त्यांनी चष्मा काढला. "हे बघा सर, दिवा बसवण्याचा ठराव असतो. दुरुस्तीचा असतो. बदलण्याचा असतो. चालू दिवा विझवण्याचा नमुनाच नाही आपल्याकडं. उद्या ऑडिटला मी काय सांगू? गावात दिवे बंद केले म्हणून?"

"मग एरवी तो आपोआप बंद पडतो तेव्हा?"

"त्याला परवानगी लागत नाही," ते शांतपणे म्हणाले.

एवढ्यात सरपंच भीमा आप्पा आत आले. आप्पा गोल, प्रसन्न आणि सदैव इस्त्रीत असतात. त्यांनी अर्ज वाचला नाही; माझ्या खांद्यावर हात ठेवला. माझ्या आयुष्यातील बहुतेक संकटे कोणीतरी माझ्या खांद्यावर हात ठेवल्यानंतर सुरू झाली आहेत.

"वाल्मिकरावांचं होणारं जावई ना तुमी? मंग अर्ज कशापायी? ही गोष्ट लपूनछपून करायची न्हाई. पंचवीस लाख वर्सं म्हन्ता, आन आमच्या कातळावरनं दिसतंय! आरं, हे गावाचं भाग्य हाय. आपन कार्यक्रमच करू. लई झकास करू. तुमी फकस्त दुर्बीन घेऊन या."

मी सांगितले की दोन माणसांनी शांतपणे पाहण्याची ती गोष्ट आहे. फार तर चार. "चारच!" आप्पा ग्रामसेवकांकडे वळून म्हणाले, "लिहून घ्या. चारशे धरा."

संकष्टीच्या दिवशी दुपारी आम्ही निघालो. आण्णा पुढच्या सीटवर. मागे मी, आणि माझ्या मांडीवर डोके ठेवल्यासारख्या आडव्या बाईसाहेब. राजूरचा बाजार ओलांडला आणि रस्त्यावर पहिला फलक दिसला. 'भव्य देवयानी दर्शन सोहळा.' त्यावर मधोमध एक दीर्घिका होती, जांभळी, हिरवी, मोरपिसासारखी. इतकी झगमगीत दीर्घिका विश्वात अस्तित्वात नाही. ती कोणा मुलाने मोबाईलमधल्या एआयकडून काढून घेतली होती. तिच्याभोवती ग्रहांसारखे आप्पा, आप्पांचे चिरंजीव, आप्पांचे मेहुणे आणि ज्यांच्या हस्ते उद्घाटन होणार होते ते तालुक्याचे आमदारसाहेब. खालच्या कोपऱ्यात, 'सौजन्य : मंडप व साउंड' या ओळीच्या शेजारी, पासपोर्टच्या आकाराचा मी. माझ्या नावापुढे 'शास्त्रज्ञ' असे लिहिले होते. आण्णांनी काच खाली करून ते वाचले आणि काच वर घेतली.

कातळावर पोचलो तेव्हा सूर्य बुडत होता. त्या क्षणी जे दिसले त्याचे वर्णन मी संयमाने करतो. कातळावर मंडप होता. मंडपाला छत होते. आकाशदर्शनासाठी मंडपाला छत! चारी खांबांवर हॅलोजन, व्यासपीठाला रंगीत दिव्यांच्या माळा, आणि मागे ट्रॅक्टरवर जनरेटर, कारण गावची वीज एवढा भार सोसणार नाही, असा दूरदर्शी विचार कोणीतरी केला होता. वीज जाण्याची जी एक भाबडी आशा मी वाटभर जपली होती, तीही तिथेच संपली.

"आप्पा," मी म्हणालो, "देवळावरचा फोकस?"

"बंद केला!" आप्पा अभिमानाने म्हणाले. "तुमचा शब्द खाली पडू दिला न्हाई. त्याचा उजेड कमी पडत हुता म्हनून हे आनले."

वाल्मिकराव, म्हणजे राजेश्वरीचे वडील, कडक टोपी घालून लोकांना जागा दाखवत होते. त्यांच्या चेहऱ्यावर मी प्रथमच समाधान पाहिले. तासिका तत्त्वावरचा जावई त्यांनी गावापासून लपवून ठेवला होता. आता तो फलकावर झळकत होता. "गोरक्षराव," ते हळूच म्हणाले, "साहेब येनार म्हंजी बगा. त्यांच्या कानावर तुमचं पर्मनंटचंबी घालू. फकस्त आज सगळं नीट हुं द्या."

राजेश्वरी बायकांच्या रांगेत कडेला बसली होती. तिने माझ्याकडे पाहिले, मग हॅलोजनकडे पाहिले, आणि भुवया किंचित उंचावल्या. त्या भुवयांत एक संपूर्ण प्रश्नपत्रिका होती.

अंधार पडला असावा. मंडपाच्या छताखाली ते समजायला मार्ग नव्हता. मी बाईसाहेबांना छताबाहेर, कातळाच्या टोकाशी उभे केले आणि अंदाजाने पूर्वेकडे रोखले. हॅलोजन तिथेही पोचत होते. मी परत येऊन साहेबांची वाट पाहणाऱ्यांची वाट पाहू लागलो. माझा एकुलता एक तास होता. त्याचा पहिला भाग साहेबांच्या गाडीने रस्त्यात घेतला. दुसरा भाग सत्काराने घेतला. दीपप्रज्वलनही झाले; काळोखाच्या कार्यक्रमाचे उद्घाटन समई लावून करणारे आम्ही पृथ्वीवरचे पहिलेच लोक असू. मी चंद्रोदयाची वेळ वारंवार पाहत होतो. मंडपातल्या सगळ्या बायाही पाहत होत्या. त्यांचे उपवास होते, आणि चंद्र लवकर यावा म्हणून त्यांच्या पोटात जी आर्तता होती, तितक्याच आर्ततेने मी तो येऊ नये म्हणून धावा करीत होतो. एकाच गणपतीकडे. बहुमत त्यांच्या बाजूने होते.

मधल्या काळात माझ्या पाठीमागे आणखी एक गोष्ट झाली. 'दर्शन' म्हटल्यावर माणसे रिकाम्या हाताने येत नाहीत. कोणीतरी बाईसाहेबांना हळदकुंकू वाहिले, कोणी पायाशी नारळ फोडला, आणि आप्पांच्या मेहुण्यांनी खास साहेबांच्या स्वागतासाठी आणलेल्या हारांपैकी उरलेला झेंडूचा भरघोस हार तिच्या गळ्यात घातला. दुर्बिणीला गळा नसतो. हार नळीच्या वरच्या टोकाला अडकला आणि तोंडावरच लोंबकळत राहिला. आपल्याकडे कोणतेही यंत्र पूजा झाल्याशिवाय चालू करीत नाहीत, आणि ट्रॅक्टर किंवा गिरणी हार घातल्यावरही चालते, हे मला मान्य आहे.

साहेबांनी दुर्बिणीला डोळा लावला. कदाचित, मला वाटले, कदाचित.

"वा!" साहेब म्हणाले. "काय तेज आहे! केशरी! डोळे दिपले!"

देवयानी केशरी नाही. ती कोणाचेही डोळे दिपवत नाही. ती दिसली की माणूस कुजबुजतो. मी पुढे झालो, पण टाळ्यांचा गजर सुरू झाला होता. साहेबांनी माईक घेतला. पंचवीस लाख वर्षांच्या वारशाचा त्यांनी थोडक्यात आढावा घेतला, त्यातील बहुतेक विकास अलीकडच्या काळात झाल्याचे सूचित केले, आणि जाहीर केले की ज्या कातळावरून हे तेज दिसते, तिथे येणाऱ्या भाविकांची अंधारात गैरसोय होऊ नये म्हणून ते स्वतःच्या निधीतून तिथे हायमास्ट दिवा उभारून देत आहेत.

कातळवाडीने जल्लोष केला. वाल्मिकरावांनी डोळे पुसले. जावयाच्या पायगुणाने गावाला हायमास्ट मिळाला होता.

मग रांग लागली. आप्पांनी पाहिले : "केशरीच की!" चिरंजीवांनी पाहिले, मेहुण्यांनी पाहिले, ग्रामसेवकांनी पाहून नोंद घेतल्यासारखी मान हलवली. वाल्मिकरावांना तर तेजात मधूनमधून पाकळ्यांसारखा आकार दिसला. आण्णांनी पाहिले, बराच वेळ पाहिले, आणि "ठीक आहे," असे तलाठ्याने पंचनामा आटोपताना म्हणावे तसे म्हणाले. ज्याला दिसत नसेल असा एकही माणूस त्या रांगेत नव्हता, कारण साहेब खुर्चीत बसून प्रत्येकाच्या चेहऱ्याकडे पाहत होते.

राजेश्वरीची पाळी आली. ती वाकली. तिने दुसरा डोळा मिटला नाही. ज्यांना सवय असते ते दोन्ही डोळे उघडे ठेवतात. तिने अगदी हलक्या हाताने चक्री फिरवली, पुढे, मागे. मग सरळ उभी राहिली.

"हे झेंडूचं फूल आहे," ती म्हणाली.

जनरेटरची घरघर तेवढी ऐकू येत होती.

"पोरी!" वाल्मिकराव दबक्या आवाजात म्हणाले. "साह्यबांनी सोता बघितलंय."

"बघितलं असेल, बाबा. नळीच्या तोंडावर हार आहे. त्यावर हॅलोजनचा उजेड पडतोय. आम्हाला लॅबमध्ये काचेवर धूळ बसली तर असंच दिसतं." तिने हार बाजूला केला, पुन्हा पाहिले. "आता काहीच दिसत नाही. नुसतं पांढुरकं."

आप्पा हसले. गावातली चांगली माणसे संकटात हसतात तसे. "आगं, तू लहान हायेस. हे काम शास्त्रज्ञांचं हाय. बोला हो गोरक्षराव, सांगा तिला. तेज हाय का न्हाई?" आणि त्यांनी माईक माझ्या हातात दिला.

मी सभेत कधी बोललेलो नाही. वर्गातही फळ्याकडे तोंड करून बोलतो. समोर साहेब होते, ज्यांच्या एका शब्दाने मी पर्मनंट झालो असतो. वाल्मिकराव होते, ज्यांच्या डोळ्यांत विनवणी होती. आण्णा होते, ज्यांनी मान किंचित हलवून 'हो म्हण' असे सुचवले. फार काही नको होते. 'आहे' एवढेच म्हणायचे होते. आणि पूर्वेच्या कोपऱ्यात ती उभी होती, माझ्याकडे पाहत. सूक्ष्मदर्शकातून जंतू आहे की नाही हे पाहावे तशी.

"त्यांचं बरोबर आहे," मी म्हणालो. माईकने माझा आवाज डोंगरापर्यंत नेला आणि डोंगराने तो परत पाठवला, त्यामुळे मला ते दोनदा म्हणावे लागले. "सर्वांनी जे पाहिलं ते झेंडूचं फूल होतं. देवयानी केशरी नसते. ती या उजेडात दिसूच शकत नाही, मग पाहणारा कितीही मोठा असो. आणि, आणि कृपा करून इथं हायमास्ट लावू नका. तालुक्यात एवढीच जागा उरली आहे."

यानंतरची शांतता मी आयुष्यभर विसरणार नाही. ती फार काळ टिकली नाही, कारण बायकांच्या रांगेतून एक आनंदी आरोळी उठली, "उगवला!" डोंगराच्या खांद्यावर चंद्र आला होता. तांबूस, भरलेला, बेफिकीर. सगळा समाज उठला. कोणाला ओवाळायचे होते, कोणाला अर्घ्य द्यायचे होते, सर्वांना जेवायचे होते. माझे सत्य मोदकांच्या वासात विरून गेले. साहेब उठले. गाडीत बसताना त्यांनी आप्पांना एवढेच विचारले, "हा शास्त्रज्ञ कुठल्या पक्षाचा?"

राजेश्वरीला तिच्या आईने हात धरून खाली नेले. मी मनगट चोळत उभा होतो; माझ्या हातातला माईक काढून घेताना मेहुण्यांनी माझा हातही जरा पिरगळला होता.

वाल्मिकरावांचा फोन दुसऱ्याच दिवशी आण्णांना आला. स्पीकर सुरू होता. "पाव्हणं, राग धरू नका. पोरगं गुनी हाय, निर्व्यसनी हाय. तासिकेचंबी आमी चालवून घेतलं असतं. पन ते उजेडाच्या इरोधात हाय. आसल्या घरात पोरगी कशी द्यायची?"

आण्णांनी फोन ठेवला आणि माझ्याकडे पाहिले. मला वाटले, आता बोलतील. ते म्हणाले, "मलाही फूलच दिसलं होतं," आणि वर्तमानपत्र उघडून त्याआड गेले. तलाठ्याकडून एवढी कबुली मिळणे ही साधी गोष्ट नव्हे.

बाईसाहेब मी सरांना परत केल्या. नळीतून कुंकू निघायला त्यांना बरेच दिवस लागले. मी कॉलेजला जाऊ लागलो. फळ्याकडे तोंड करून मान्सून शिकवू लागलो. आत्याने कोल्हारहून आणखी दोन स्थळे पाठवली. दोन्हीकडे 'छंद' या ओळीत, आण्णांच्या सल्ल्याने, 'वाचन' असे लिहिले, आणि दोन्हीकडे कोणी त्याबद्दल काही विचारले नाही. मार्गशीर्षातल्या थंडीत मी एकदा गच्चीवर गेलो. आकाश गुलाबी होते. कोणाच्या तरी लग्नाचे फटाके सुरू होते. मी चार तारे पाहिले, त्यांतला टॉवर वगळला आणि खाली आलो.

फोन वाजला तो त्याच आठवड्यात, संध्याकाळी. नंबर अनोळखी होता.

"राजेश्वरी बोलतेय," पलीकडून आवाज आला. वारा ऐकू येत होता. "कातळावर आहे. एकटी नाही, आईला आणलंय. ती शेकोटीपाशी बसायला मागत होती, मी पेटवू दिली नाही. चौकोनापासून निघाले. दोन तारे पुढं, वळून दोन तारे वर. तीन दिवस चुकत होते. आज सापडली."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"ऐकताय ना?"

"हो."

"किती बारीक आहे हो. सरळ बघितलं की जाते, जरा कडेनं बघितलं की येते. आमच्या आईला तर दिसतच नाही, म्हणते डोळ्यात काहीतरी गेलंय. एवढ्याशासाठी तुम्ही त्या दिवशी सगळ्या गावाशी वाकडं घेतलंत?"

"हो."

"पर्मनंटही घालवलंत?"

"बहुतेक."

वारा वाहत राहिला. "बरं," ती म्हणाली. "बाबांशी मी बोलते. तुम्ही काही बोलू नका, तुम्ही खरं बोलता." मग, आवाज जरा खाली आणून, "हायमास्टचा खांब उभा राहिलाय. आप्पांच्या मेहुण्यांनीच ठेका घेतला, त्यामुळं लगेच झालं. पण दिवा नाही अजून. वीज कंपनीकडं कनेक्शनचा अर्ज अडकलाय म्हणे. तोवर या."

मी त्याच रविवारी गेलो. तेव्हापासून दर रविवारी जातो, पुढच्याही जाणार आहे. वाल्मिकराव अजून माझ्याशी बोलत नाहीत, पण परवा त्यांनी न बोलता चहा पुढे केला. कातळावर तो खांब उभा असतो, उंच, नवा, आंधळा. आम्ही त्याच्याकडे पाठ करून बसतो. ती दाखवते, मी चुकतो. ती पुन्हा दाखवते. सरकारी दिरंगाईबद्दल मी आजवर पुष्कळ कडू बोललो आहे. ते सारे मी या ठिकाणी मागे घेतो. वीज कंपनीच्या कुठल्याशा कचेरीत जो कोणी कातळवाडीच्या फायलीवर चहाचा कप ठेवून निवांत बसला असेल, त्याला ईश्वराने उदंड आयुष्य द्यावे, त्याची बदली होऊ नये, आणि त्याला कोणीही, कधीही, घाई करू नये.